गावाचे दप्तर आणि जात्यावरची ओवी

काही वर्षांपूर्वी व्याख्यानाच्या निमित्ताने आम्ही देशावरच्या एका गावी गेलो होतो. ज्या घरी उतरलो होतो त्याच्या शेजारचा जुना वाडा पाडण्याचे काम चालू होते. तुळया उतरवून झाल्या होत्या, माळ्यावरचे सामान अंगणात आणून टाकले होते, आणि त्या पसाऱ्यात एका तांब्याच्या घंगाळात जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेली तीन-चार गाठोडी होती. आम्हांस मोडी थोडेफार वाचता येते हे कळताच वाड्याचे मालक मोठ्या अगत्याने म्हणाले, "तेवढं यात जमिनीचा काही कागद निघतो का, ते बघता का?" आम्ही ओसरीवर बसून तासभर कागद उलगडले. हिशेबाच्या याद्या होत्या, लग्नाच्या खर्चाचे टिपण होते, कोणा सासुरवाशिणीला माहेरी पाठवण्याविषयी एक पत्र होते, आणि एक महजर होता. दोन गावांच्या शिवेच्या भांडणाचा तो निवाडा असावा. त्याच्या शेवटी गोतातल्या मंडळींच्या निशाण्या होत्या. कोणी नांगर काढला होता, कोणी आरसा, कोणी सांडस. "आज उपयोगी पडेल असा जमिनीचा कागद यात नाही, पण हे टाकू नका. इतिहासमंडळाचा कोणी माणूस पाठवतो," असे आम्ही सांगितले, व त्यांनी आनंदाने होकार दिला.

पुढे आम्ही व्याख्यान दिले, टाळ्या घेतल्या आणि घरी परतलो. लिहावयाचे पत्र आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता दोन महिने गेले. शेवटी पत्र गेले तेव्हा मालकांचे साधे व सरळ उत्तर आले. पाऊस लागला, ठेवायला जागा नव्हती, गाठोडी भिजू लागली, तेव्हा ती रद्दीबरोबर गेली. त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. दोष आमचाच होता. तो महजर कोणत्या गावांच्या शिवेचा होता, हेही आज आम्हांस आठवत नाही. आठवतो तो शाईने काढलेला एक लहानसा आरसा. आजच्या विषयावर बोलण्याचा जो काही अधिकार आम्हांस आहे, तो या चुकीतून आलेला आहे.

आपल्याकडे ऐतिहासिक ठेवा म्हटला की किल्ले, लेणी व देवळे डोळ्यांसमोर येतात. ती दगडाची असल्यामुळे आपण हयगय केली तरी काही काळ टिकतात. कागद व गाणे यांचे तसे नाही. कागदाला वाळवी, पाऊस आणि दुर्लक्ष असे तीन शत्रू आहेत. गाण्याला एकच शत्रू पुरतो. गाणारे माणूस गेले की गाणे गेले. हा नाजूक ठेवा महाराष्ट्रात मुख्यतः कोणी राखला, असे विचारले तर उत्तर असे द्यावे लागते की तो लोकांनी राखला. सरकारने राखला तो पुष्कळ, पण बराच काळ कुलुपात राखला. लोकांनी राखला तो कसा, त्यात काय साधले आणि काय निसटले, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की कागद घरोघरी आले कसे. मराठी राज्याचा कारभार एका कचेरीत बसून चालत नसे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्याकडे वतने होती, आणि वतनाचा पुरावा म्हणजे कागद. सनदा, महजर, निवाडपत्रे, करीने, ताळेबंद हे सारे ज्याच्या त्याच्या घरी राहत असे. सरदारांची दप्तरे सरदारांच्या वाड्यात, सावकारांच्या वह्या सावकारांच्या घरी, आणि मठांची पत्रे मठात. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा पुण्याचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. घरोघरचे कागद मात्र घरीच राहिले. त्यांचे महत्त्व पुढे निराळ्याच कारणाने वाढले. इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले, आणि ज्याच्याजवळ पुरावा नाही त्याचे इनाम जाण्याची पाळी आली. त्यामुळे कागद म्हणजे एकीकडे जीव की प्राण, आणि दुसरीकडे परक्याच्या दृष्टीला पडू नये अशी वस्तू, अशी दुहेरी भावना घराघरांत मुरली. पुढे पन्नास वर्षांनी संशोधक दारात उभा राहिला तेव्हा घरधन्याने त्याच्याकडे संशयाने पाहिले, याचे मूळ येथे आहे. "जमिनीचा कागद निघतो का," या आमच्या यजमानांच्या प्रश्नातही तीच दीडशे वर्षांची काळजी बोलत होती.

सरकारी दप्तराचे दार संशोधकांना फार उशिरा मोकळे झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० नंतर. तोवर मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा शोध ज्यांनी घेतला ते बहुतेक शाळामास्तर, वकील, कारकून, किंवा कसलाही निश्चित व्यवसाय नसलेले ध्येयवेडे लोक होते. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ साली, विद्यार्थिदशेतच, ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहून या कामाची निकड दाखवून दिली. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढून बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतील नोकरी सांभाळून पटवर्धनी दप्तरातील पत्रे वाचली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भागामागून भाग काढले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे नावही या मालिकेत येते. यांपैकी कोणाजवळही सरकारी खात्याचे बळ नव्हते. वर्गणीदारांचा आश्रय आणि घरोघरच्या मंडळींचा विश्वास एवढ्यावर त्यांचे काम चालले.

या सर्वांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची गोष्ट वेगळी. वाईस एरंडे यांच्या घरी त्यांना जुन्या पत्रांचा साठा मिळाला, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतील पत्रव्यवहार त्यात आहे. पुढल्या सुमारे वीस वर्षांत या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव पायपीट करावी, कोणाच्या माळ्यावर चढावे, कोणाच्या बळदात उतरावे, हाताने स्वयंपाक करून जेवावे आणि रात्री नकला करीत बसावे, असा त्यांचा क्रम होता. त्यांचा स्वभाव तापट, मते टोकाची, आणि त्यांच्या काही सिद्धांतांना आज कोणी मान्यता देणार नाही. परंतु एक दंडक त्यांनी घालून दिला तो आजही सोन्याचा आहे. कागद लहान की मोठा, आपल्या आवडत्या पुरुषाला अनुकूल की प्रतिकूल, हे न पाहता तो जसाच्या तसा छापावा. निष्कर्ष चुकला तर दुसरा सुधारील. कागद गेला तर सुधारावयास काही उरत नाही.

एकट्या माणसाच्या पायांना मर्यादा असते. १९१० च्या जुलै महिन्यात राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, ते या मर्यादेवर उपाय म्हणून. मंडळाच्या रचनेतच एक साधी पण मोठी कल्पना होती. ज्याला जे सापडेल ते त्याने सभेत आणावे, वाचून दाखवावे, इतरांनी त्यावर शंका घ्याव्यात, आणि मग ते छापावे. सापडलेला कागद एकट्याच्या पेटीत न राहता चारचौघांच्या चर्चेत यावा, हा त्यातला मथितार्थ. राजवाडे स्वतः पुढे मंडळापासून दूर झाले. मंडळ मात्र चालत राहिले. दत्तो वामन पोतदार, गणेश हरि खरे यांच्यासारख्यांनी आयुष्याची आयुष्ये तेथे वेचली. आज तेथे मराठी, फारसी इत्यादी भाषांतील पंधरा लाखांच्या घरात कागद आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग घराण्यांनी आपण होऊन दिलेला आहे. हे सरकारी हुकमाने झाले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

घरातला एक कागद सभेत आल्याने काय घडते याचे एकच उदाहरण देतो. श्रीशिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे बखरींच्या आधारे फार काळ मानले जात असे. भोरच्या परिसरातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. जेधे म्हणजे अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या कान्होजींचे घराणे. या घराण्यात कोणीतरी सालवार टिपणे करून ठेवली होती. अलंकार नाही, वर्णन नाही, शक, तिथी व घडलेली गोष्ट, एवढेच. तीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी दिलेली आहे. शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली मंडळाच्या द्वारा प्रसिद्ध झाली. एका घराच्या टिपणावर एवढी मोठी गोष्ट कशी मानावी, असा आक्षेप निघाला, आणि तो रास्तही होता. पण पुढे तंजावरच्या सरस्वती महालात कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ची पोथी मिळाली. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती १९२७ साली प्रसिद्ध केली. तीतली तिथी तीच निघाली. राजपुतान्यात जोधपूरकडे एका जोतिष्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तिचाही मेळ याच तिथीशी बसला. वाद पुढेही पुष्कळ वर्षे चालला, आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली.

या हकीकतीत कारीच्या देशमुखांचे घर आहे, तंजावरचा ग्रंथसंग्रह आहे, मारवाडातील जोतिष्याची पेटी आहे. या तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. कोणीही दुसऱ्यासाठी पुरावा म्हणून काही जपले नव्हते. त्यांपैकी प्रत्येकाने आपापले जपले, आणि वेळ आल्यावर ते दुसऱ्यास दाखवले. जपणे आणि दाखवणे या दोन्ही क्रिया झाल्या नसत्या तर निकाल लागला नसता. कारीच्या घरी शकावली आणखी शंभर वर्षे सुखरूप राहिली असती, पण कोणास दिसली नसती, तर इतिहासाच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखीच होती.

पुण्याचे उदाहरण घेतले म्हणून हे काम पुण्यातच झाले असे कोणी समजू नये. राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यास राहिले व ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, १९२७ च्या जानेवारीत, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारून त्यांचा संग्रह सांभाळण्याची जबाबदारी घेतली. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे मठामठांतून जमवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. खानदेशातल्या एका व्यापारी शहराने हा भार उचलला, हे पुण्यामुंबईच्या मंडळींनी विसरू नये.

कागदाच्या पलीकडे पाहणारेही निघाले. दिनकर गंगाधर केळकर, काव्यक्षेत्रातले 'अज्ञातवासी', यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्यास सुरुवात केली. त्यांनी जमवल्या त्या राजेरजवाड्यांच्या तलवारी तेवढ्या नव्हेत. अडकित्ते, दिवे, वजऱ्या, दौती, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी, बाहुल्या, दाराच्या चौकटी! जी वस्तू मोडीत जायची ती त्यांनी पदरमोड करून घेतली. बालपणीच निवर्तलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले, आणि १९७५ साली सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बापाने मुलाचे स्मारक केले ते असे की त्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला आपल्या आजीच्या घरातली एखादी वस्तू सापडावी.

येथवरची कथा अभिमानाची आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या पूर्वसूरींना प्रश्नही विचारला पाहिजे. जमवलेल्या लक्षावधी कागदांत बोलते कोण? सरदार बोलतो, कारकून बोलतो, वतनदार बोलतो, सावकार बोलतो. कुणबी, न्हावी, लोहार, महार यांची गाठ पडते ती बहुधा महजराच्या तळाशी, निशाणीच्या रूपाने. त्यांची साक्ष घेतल्याशिवाय गावचा निवाडा पुरा होत नसे, ही आपल्या ग्रामव्यवस्थेतली लक्षणीय गोष्ट खरी. पण साक्ष झाली की ते गप्प. आणि स्त्रिया? एखाद्या राणीचे, एखाद्या पेशव्यांच्या मातुःश्रींचे पत्र सापडते. बाकीच्या अर्ध्या महाराष्ट्राने काही लिहून ठेवले नाही, कारण त्याला कोणी लिहावयास शिकवलेच नव्हते.

त्यांनी लिहिले नाही, पण म्हटले. पहाटे जात्यावर बसून, दोघी समोरासमोर, खुंट्याला हात घालून, दळता दळता ओवी म्हणायची, ही रीत किती शतकांची आहे हे सांगणे कठीण. त्या ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, सासूचा जाच आहे, विठोबा आहे, पीकपाणी आहे. हेच बायकांचे दप्तर. त्याला रुमाल नाही, शिक्का नाही, तारीख नाही. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन' या संग्रहात अशा ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा खेड्यापाड्यांतून गाणी मिळवून पुस्तकांची रांगच्या रांग उभी केली. तरी एवढ्याने भागले नाही, कारण तिकडे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, हे चांगलेच झाले. जाते पुन्हा यावे असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः रोज पहाटे पायलीभर जोंधळे दळून दाखवावेत. पण जाते थांबले आणि त्याबरोबर ओवी म्हणण्याचे निमित्तही गेले.

अशा वेळी, १९८० नंतरच्या दशकात, हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात एक काम हाती घेतले. प्वातव्हँ जन्माने फ्रेंच, १९७२ मध्ये भारतात आले आणि पुढे येथलेच नागरिक झाले. ही दोघे मूळची ओव्या गोळा करण्यास गेली नव्हती. गरीब डोंगरी संघटनेच्या निमित्ताने मुळशी-मावळ भागातील कष्टकऱ्यांत त्यांचा वावर होता. बायका सभेत बोलत नसत. पण ओवीचा विषय निघाला की त्यांची वाणी मोकळी होई, असा अनुभव आला. तेव्हा गावच्याच बायकांनी गावच्या बायकांकडून ओव्या उतरवून घ्याव्यात असे ठरले. हा फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. येथे शहरचा पंडित वही घेऊन आला आणि गाणे घेऊन गेला, असे झाले नाही. सांगणारी आणि टिपणारी एकाच बांधावरच्या. पुढे हे काम मावळाबाहेर पसरत गेले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा हा संग्रह झाला. त्यात विठ्ठल-रखुमाई आहेत तसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. म्हणजे परंपरागत ओवीने विसाव्या शतकातला आपला पुढारी आपल्या चालीत सामावून घेतला. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील पुष्कळ गाणी ध्वनिमुद्रित केली. प्वातव्हँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने हा ठेवा गायिकेच्या नावासह, गावासह, आवाजासह सर्वांसाठी खुला करण्यास सुरुवात केली.

नावासह, हे आम्ही मुद्दाम म्हटले. लोकगीताचा कर्ता अज्ञात, असे आपण शाळेपासून शिकलो. कर्ता अज्ञात असेल, पण गाणारी अज्ञात नव्हती. तिला आपण नाव विचारले नव्हते. महजरातल्या न्हाव्याने निदान आपला आरसा काढून ठेवला होता. जात्यावरच्या बाईला तेवढीही निशाणी मिळाली नव्हती, ती आता मिळाली.

आमच्या स्वतःच्या घरी जाते होते. आमची आजी दळताना ओव्या म्हणे, आणि आम्ही अंथरुणात पडून त्या ऐकत असू. पुढे आम्ही इतिहास शिकलो, पत्रे वाचली, तारखांवर वाद घातले. आजी त्यानंतरही अनेक वर्षे होती. एखाद्या दुपारी तिच्याजवळ वही घेऊन बसावे असे आम्हांस एकदाही सुचले नाही. तिच्या ओव्यांतली एकही आज आम्हांस धड आठवत नाही. चाल तेवढी आठवते. अशी कबुली देणारे या सभेत आम्ही एकटेच असू, असे वाटत नाही.

आता या कामात काही धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका मालकीचा. "आमचा कागद आम्ही कोणास दाखवणार नाही" असे घराणे म्हणते, आणि "आम्ही छापीपर्यंत कोणी पाहू नये" असे संशोधक म्हणतो. दोघांचा परिणाम एकच. दुसरा धोका मोठेपणाचा. गावाला गावाचा अभिमान असतो, कुळाला कुळाचा. गावचा इतिहास गावकऱ्यांनी लिहावा हे योग्यच. पण त्यात गाव कधी चुकलेच नाही, पाणवठ्यावर कोणाला कधी अडवलेच नाही, असे चित्र उमटू लागले तर तो इतिहास नव्हे, मानपत्र झाले. ज्यांना त्या गावात मान नव्हता त्यांच्या घरीही विचारावयास गेले पाहिजे. तेथे कागद मिळणार नाही, आठवण मिळेल. तीही टिपून घ्यावी.

तिसरा धोका रागाचा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकातील मजकुराचा तो राग होता. झळ लागली ती कपाटांना, पुस्तकांना व पोथ्यांना, आणि त्यांचा त्या मजकुराशी संबंध नव्हता. पुस्तकातील विधान आक्षेपार्ह असेल तर त्याचे खंडन कागदानेच होते, आणि त्या दिवशी कागदच जमिनीवर विखुरले गेले. नंतर मदतीचे हातही पुढे आले, हे नमूद केले पाहिजे. पण ठेवा लोकांचा आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तो मोडण्याचा हक्क लोकांना आहे असा होत नाही. ज्यांचा अजून जन्म व्हावयाचा आहे तेही त्या लोकांतच येतात.

चौथी गोष्ट धोका नव्हे, अडचण आहे. पण सर्वांत निकडीची. कागद आहेत, वाचणारे नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जात असे. ती गेली, आणि दोन पिढ्यांत अशी स्थिती आली की आजोबांनी लिहिलेले पत्र नातवास परक्या मुलखातले वाटावे. मोडी ही काही दुर्बोध गूढलिपी नव्हे. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत अक्षरओळख होते. पुढले काम सरावाचे. ठिकठिकाणी मोडीचे वर्ग चालतात, आणि तेथे विद्यार्थी येतात, ही आशेची गोष्ट आहे. आज छायाचित्राची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. राजवाड्यांना जी नक्कल करण्यास रात्र लागे ती आता क्षणात होते. पण छायाचित्र काढले म्हणजे कागद वाचला असे होत नाही. वाचणाऱ्या डोळ्यांची उणीव यंत्राने अजून तरी पुरी भरून काढलेली नाही.

मग आपल्यासारख्यांनी करावयाचे काय? फार मोठे काही नाही. प्रत्येक गावात वाचनालय असते, शाळा असते, एखादा निवृत्त शिक्षक असतो, वाचनाची हौस असलेली चार तरुण मुले-मुली असतात. त्यांनी एक वही करावी. गावात कोणाकडे जुने कागद, पोथ्या, वह्या, ताम्रपट आहेत याची यादी तीत लिहावी. कागद मागू नये, यादी मागावी. कागद घरीच राहू द्यावा, छायाचित्र घ्यावे, आणि त्याची एक प्रत घरधन्यास, एक वाचनालयात व एक जवळच्या संशोधन मंडळात ठेवावी. घरधन्याच्या मनातली जुनी भीती अशानेच जाईल. शिवारातल्या शेतांची, ओढ्यांची, पाणंदींची नावे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्यावीत. सरकारी नकाशात गट क्रमांक असतो, नाव नसते. वीरगळ, सतीशिळा, पारावरचा फुटका लेख जेथे असेल तेथे तो शेंदराने वा ऑइलपेंटाने बुजू नये एवढी काळजी घ्यावी. आजीची ओवी आजीच्या आवाजात आणि आजीच्या नावासह राखावी. आणि वर्षातून एकदा, ग्रामदैवताच्या जत्रेला म्हणा, हे सारे गावापुढे मांडावे. मुलांनी ते पाहावे, म्हाताऱ्यांनी चुका काढाव्यात. मंडळाच्या सभेत जे घडते तेच येथे पारावर घडेल.

हे काम कोणी पंडित येऊन करील, अशी वाट पाहू नये. आम्ही स्वतःला थोडेफार अभ्यासू म्हणवतो, आणि आमच्या हातून काय झाले ते आरंभी सांगितलेच आहे. त्या रात्री यजमानांकडे कंदील मागून तो महजर बसल्या जागी उतरवून काढला असता, तर दोन गावांची शीव आणि दहा-बारा माणसांची नावे आज कोठेतरी शिल्लक असती. तासाभराचे काम होते. आम्ही ते उद्यावर टाकले.

येथून घरी गेल्यावर आपल्या माळ्यावर एकदा चढून पाहा, आणि घरात कोणी वृद्ध असेल तर त्यांच्याजवळ बसा. आजच बसा. पाऊस लागावयास आता फार दिवस उरलेले नाहीत.